पाठीवरचा डबा

पोहायला शिकताना रोज तिच्या पाठीला बांधायचा रिकामा डबा जावेनं आज सोडून घेतला. “आता तुम्हीच, अक्का.”

“आई, वर ये!” मुलगा विहिरीच्या काठावरूनच ओरडला, त्याला पोहता येत नव्हतं. “पासष्टीत कसलं पोहणं? एवढी चरबी घेऊन बुडशील!”

बारा वर्षं दुकानाच्या खुर्चीत तिला बसवून ठेवलं होतं यानंच, आणि चरबीवरून टोमणेही याचेच.

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि पाण्यावर उताणी पडली. आधी पोट वर आलं, मग पाय. ती बुडेना.

“चरबीच तारतेय रे मला!” ती आभाळाकडं बघत ओरडली. “उद्यापासून सकाळी दुकानात तू बस. आणि इथं उतरायचंच असेल, तर तो डबा बांधून ये.”