कोशाचं फोल्डर

“एकदा पुसलं की गेलं. सगळं घेतलंत ना नीट?” कॉम्प्युटर फॉरमॅट करायला बसलेल्या नवऱ्याला मालिनीने तिसऱ्यांदा विचारलं.

“सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवलंय,” म्हणत वामनरावांनी बटण दाबलं.

नऊ वर्षं ती वेंगुर्ल्याच्या बंदरावर म्हाताऱ्या मासळीवाल्यांपाशी बसून त्यांचे शब्द टिपत होती. वाऱ्यांची, लाटांची, जाळ्यांची नावं. चार हजारांवर शब्द आणि ते सांगणाऱ्या बायकांचे आवाज. त्यातल्या बहुतेक जणी आता हयात नव्हत्या. गेल्याच महिन्यात नमुन्याची चार पानं वाचून एका प्रकाशकाने कोश छापायचं कळवलं होतं. त्याच प्रकाशकाने वामनरावांचं आत्मचरित्र दोनदा साभार परत पाठवलं होतं.

संध्याकाळी कॉम्प्युटर नव्याने सुरू झाला. तिने डिस्क उघडली. लग्नाचे फोटो होते, भजनं होती, आत्मचरित्राच्या सात प्रती होत्या. कोशाचं फोल्डर नव्हतं.

“जागा पुरली नसेल,” वामनराव म्हणाले.

डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी होती. पडद्यावरचा तो आकडा तिला दिसत होता, त्यांनाही दिसत होता.

“दुसरीकडे कुठे आहे का? प्रकाशकाकडे वगैरे?” त्यांनी काळजीने विचारलं.

“नाही. पुढच्या आठवड्यात पाठवणार होते.”

वामनराव खुर्चीत मागे रेलले. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

“बरं,” ते म्हणाले, “चहा टाक.”