डोकं धरणारा

मणक्याच्या दुखापतींवर आम्हा सर्जनांचं प्रशिक्षण चालू होतं. जखमी म्हणून टेबलावर आमच्याच इस्पितळाचा स्ट्रेचरवाला आडवा होता. त्याचं डोकं माझ्या हातांत होतं. "कुशीवर वळवायचा हुकूम कोण देतो?" प्रशिक्षक मॅडमनी विचारलं. "डोकं धरणारा," सगळे म्हणाले. गेल्या महिन्यात शिडीवरून पडलेल्या रंगाऱ्याला मीच घाईघाईत, कोणी मान धरण्याआधीच वळवलं होतं. त्याचे पाय कायमचे गेले. अहवालात मी ठपका या स्ट्रेचरवाल्यावर ठेवला. म्हणून याला वॉर्डातून काढून इथे जखमीचं सोंग घ्यायला पाठवलं. "साहेब, पकड फार घट्ट झालीय तुमची," तो हळूच म्हणाला. "सावकाश धरा, मी हलत नाही." "मॅडम, याच्याविरुद्धचा अहवाल खोटा आहे," मी म्हणालो. "चूक माझी होती." तो खालून एकटक माझ्याकडे बघत राहिला, आणि तोंड लपवायला माझे हात मोकळे नव्हते.