कुरकुर

आप्पाजींचे उरलेले चार दातही निघाले आणि कवळी येईपर्यंत ताटात नुसता दहीभात आला. राजाजीनगरच्या त्या घरात दुपारी सासरे आणि सून दोघंच असत. कस्तुरी आधी त्यांना वाढायची, मग ओट्याशी उभ्या उभ्या आपलं जेवण उरकायची.

तिसऱ्या दिवशी आप्पाजींनी घास खाली ठेवला. "नुसतं मऊ मऊ गिळून जीव विटला बघ. पापड भाज."

"चावणार कशानं?"

"मी नाही, तू. ताट घेऊन समोर बस. मी घास घेतला की तू पापड चाव. आवाज तरी मिळू दे."

सासऱ्यांसमोर जेवायला बसायचं म्हणून ती अवघडली, पण बसली. घास, कुरकुर. घास, कुरकुर.

"आत्ता लागला बघ दहीभात," आप्पाजी म्हणाले.

पंधरा दिवसांनी कवळी आली. त्यांनी ती घालून पाहिली आणि डबीत ठेवून दिली. "स्वल्प टोचते. तूच चाव."

एकदा सकाळी कस्तुरी शेजारच्या अक्कांकडे माहेरी फोन लावायला गेली. लाइन लागेना म्हणून लगेच परतली, तर आप्पाजी खिडकीशी बसून चकल्या कडाकडा फोडत होते. टोचल्याची खूणही चेहऱ्यावर नव्हती. ती पाय न वाजवता मागे फिरली.

दुपारी पापड भाजताना तिनं विचारलं, "आप्पाजी, कवळी टोचते ना अजून?"

"टोचते की."

"मग टोचू दे," म्हणत तिनं आपलं ताट त्यांच्यासमोर मांडलं.