दोन इंच वर

"मोटर दोन इंच वर बसवलीय बघ. आज शर्यत आपलीच!" होडीतून नवरा ओरडला. "आणि सोमवारचं तुझं मौन, म्हणजे टोचून बोलणारंही कुणी नाही!"

धक्क्यावरचे हसले. शेवंतीही हसली, पण मोटरीतून उडणारी पाण्याची धार तिला दिसेना. वर गेलेल्या मोटरीला गार ठेवणारं पाणीच मिळत नव्हतं. ती जळणार होती. शेवंतीने हात हलवला. निरोप समजून त्यानेही हलवला. एक हाक पुरली असती, पण अठरा वर्षांचं व्रत तिला मोडवेना.

तिन्हीसांजेला होडी दोरीने ओढून आणली. "पोट चालवणारी मोटर जळली गो," तो म्हणाला. "धार बंद झालेली कुणी बघितली असती, तर ओरडलं असतं की!"

देवापुढे दिवा लागला, मौन सुटलं.

"मी बघितलं होतं," शेवंती म्हणाली.