राणी

मेस्त्रीला हाताला धरून बायको दवाखान्यात घेऊन आली, तेव्हा मेस्त्री चक्क हसत होता. दोघांच्याही एचआयव्हीच्या गोळ्या इथूनच चालू होत्या, त्यामुळे गॅरेजातल्या या जमदग्नीला डॉक्टरीणबाई चांगल्या ओळखून होत्या. थोडा ताप, थोडं डोकं दुखणं. नाव, वार, महिना, सगळं त्यानं बिनचूक सांगितलं.

“मग बिघडलंय कुठे?”

बायको कानाशी आली. “परवापासून मला ‘राणी’ म्हणतायत.”

डॉक्टरीणबाई हसता हसता थांबल्या. एचआयव्ही असलेल्या माणसाचा स्वभाव असा एकाएकी पालटला, तर क्षय मेंदूच्या आवरणात शिरल्याचा संशय घ्यायचा. त्यांनी लगेच पाठीतलं पाणी काढून तपासलं. पाणी बिघडलेलं निघालं, पण जंतू काही हाती लागले नाहीत. हे जंतू लपण्यात पटाईत. शेवटी ‘राणी’वर भरवसा ठेवून बाईंनी क्षयाचे उपचार सुरू केले.

महिन्याभरानं एका सकाळी वॉर्ड दणाणला. “हा चहा आहे का पोतेरं पिळलंय?”

डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. “आला गं बाई तुझा नवरा ताळ्यावर! आता वर्षभर गोळ्या घ्यायच्या. एकही चुकवायची नाही.”

बायकोनं डोळे पुसले, हात जोडले. दारापर्यंत गेली आणि परत आली.

“डॉक्टर, फक्त रविवारची चुकवली, तर नाही का चालणार?”