चित्रातल्या आईचं बोलणं

भागूबाईच्या पत्राला नानासाहेबांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीनंतर आलं होतं. आता शिमगा आला होता, आणि सोमवारी तिच्या मुलाच्या, मल्हारीच्या निकालाची कोर्टात तारीख होती.

पोलिस ॲक्शन होऊन चार वर्षं झाली होती. शहागंजच्या मागच्या मैदानात काकासाहेबांचा सिनेमाचा तंबू होता. दिवाळीच्या सुमारास तिथं एक इंग्रजी चित्र लागलं होतं, अमेरिकेतल्या एका लुटारूंच्या म्होरक्याचं. लोकांना इंग्रजी कळत नसे. म्हणून पडद्याच्या कडेला बसून नानासाहेब भोंग्यातून गोष्ट मराठीत सांगत. निजामाच्या कोर्टात त्यांनी तीस वर्षं उर्दू निकालांचे मराठी तर्जुमे केले होते. चारचौघांत त्यांना तोंड उघडवत नसे. अंधारात उघडे.

पहिल्या दिवशी त्यांनी गोष्ट होती तशी सांगितली. आई मुलाची खबर स्वतः पोलिसांना देते. पोलिस त्याला दारातच गोळी घालतात. आई पायरीवर बसून राहते. चित्र संपतं.

लोकांनी तंबूला दगड मारले. बाहेर काकासाहेब एकेकाला अडवून विचारत होते, कसं वाटलं म्हणून.

"माय हाय का कसाईण?" एक म्हातारी म्हणाली.

"पोरगं मेल्यालंच बघायचं तं इथं कशाला यावं?" दुसरा म्हणाला. "मरण काय गावात मिळत नाय?"

काकासाहेब तडक नानासाहेबांकडे आले. "नाना, या तंबूत इंग्रजी तुमच्याशिवाय कुणाला येतं? मला बी येत नाय. शेवट बदला."

नानासाहेबांनी बदलला. गोळी पायाला लागली, असं सांगितलं. पडद्यावर आई पायरीवर नुसती बसलेली असे, तेवढ्यात भोंग्यातून ते तिला कोर्टात नेत आणि बोलायला लावत. "साहेब, याला तुमच्या शिपायांनी नाही धरलं. मी आणलं. अर्धी शिक्षा मी भोगलीय. उरलेली द्या, पण पोरगा परत द्या." मग जजसाहेबांना पाझर फुटे, आणि वर्षभरात मुलगा घरी येई. बाया डोळे पुसत बाहेर पडत. "माय असावी तं अशी," म्हणत. कोणी दुसऱ्यांदा येत, कोणी तिसऱ्यांदा. कधी नव्हे ती लोकांची पसंतीची पत्रं यायला लागली.

त्यांतच भागूबाईचं होतं. तिच्या गावच्या, करमाडच्या गुरुजींकडून तिनं लिहून घेतलं होतं.

'चित्र लई आवडलं. माझा मल्हारी कापसाच्या गाड्या लुटणारांत होता. एका लुटीत गाडीवान मेला. मी चित्र बघून आले आन् चार दिसांनी त्याला हाताला धरून चौकीवर नेलं. त्या मायनं जजसाहेबाला काय म्हटलं, ते समदं लिहून धाडा. मला बी तसंच म्हणायचं हाय.'

नानासाहेबांनी सात वेळा उत्तर लिहिलं. खरं लिहावं तर त्या बाईच्या पायाखालची जमीनच जाणार. पुन्हा खोटं लिहायला हात धजेना. आधी माफी मागावी की शेवटी, हेही ठरेना. साती कागद फाडले.

लोकांच्या मागणीवरून चित्र पुन्हा लागलं. शनिवारच्या खेळाला बायांच्या बाजूला पुढंच एक बाई येऊन बसली. डोईवर जाडं लुगडं, मांडीवर भाकरीचं गाठोडं.

"नाना, हीच ती भागूबाई," तंबूचा दारवान सांडू कानाशी म्हणाला. तोही करमाडचाच. "तुमाला भेटीन म्हणती."

नानासाहेब भोंगा उचलून पडद्याकडे वळले.

शेवट आला. पडद्यावर आई पायरीवर बसली. नानासाहेबांनी भोंगा तोंडाशी नेला. पडद्याच्या उजेडात त्यांना भागूबाई दिसली. तिचे ओठ त्यांच्या शब्दांमागं हलत होते. एकही शब्द सुटू नये म्हणून ती पुढं वाकली होती. अजून खरं सांगता येईल, असं त्यांना वाटलं. तंबू भरलेला होता. ते थांबले, तसा मागून कोणी ओरडला, "बोला की, नाना! माय मुकी झाली काय?" लोक हसले. नानासाहेबांनी रोजचंच सांगितलं. दिवे लागायच्या आत ते मागची कनात उचलून निघून गेले.

मंगळवारी सांडू घरी आला. सोमवारी तो बाईसोबत कोर्टात गेला होता.

"बोलली का ती?" नानासाहेबांनी विचारलं.

"बोलली तं! तुमच्यासारखंच, अक्षर न् अक्षर. समदं कोर्ट गप झालं."

"आणि जजसाहेब?"

"ते म्हणले, बाईला बाहेर न्या." सांडूनं टोपी काढून मांडीवर ठेवली. "पोराला जन्मठेप झाली, नाना. बाई मलाच पुसत व्हती, सांडू, माझं बोलायचं काय चुकलं?"

सांडू गेल्यावर नानासाहेबांनी कार्ड घेतलं. या खेपेला खाडाखोड झाली नाही. पोस्टापर्यंत चालत जाऊन त्यांनी ते पेटीत टाकलं.

'बाई, तुमचं काही चुकलं नाही. चित्रातली आई एक शब्दही बोलत नाही. निजामाच्या राज्यात माझा मुलगा मीच कोर्टात हजर केला होता, आणि त्याचं नाव पुकारलं तेव्हा मी तर्जुम्याचे कागद धरून गप्प उभा राहिलो. तुम्ही बोललात ते माझं तेव्हाचं राहिलेलं बोलणं.'