सज्जातली जागा

वर्णद्वेषाचा धिक्कार करणाऱ्या एका कादंबरीमुळे जॉर्जियातले ते गाव प्रसिद्ध झाले होते. तिचे नाटक जुन्या न्यायालयातच होई. यंदा आरोपीच्या भूमिकेत नातू, म्हणून ऐंशीच्या लुएलाबाईंनी खालच्या पहिल्या रांगेचे तिकीट काढले. त्या नऊ वर्षांच्या असताना याच दालनात थोरल्या भावाला शिक्षा झाली, तेव्हा कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सज्जातून त्यांना त्याचा फक्त माथा दिसला होता.

"आजी, तुम्ही वर बसाल?" दारातली गोरी मुलगी लाघवीपणे म्हणाली. "कादंबरीत तुमची माणसं वरच बसतात. प्रसंग कसा जिवंत वाटेल!"

"पोरी, माझ्या गुडघ्यांनी ती कादंबरी वाचलेली नाही."

"आम्ही हाताला धरून नेतो ना!"

***

शिक्षा सुनावली गेली तेव्हा खालचे प्रेक्षक हुंदके देत होते. लुएलाबाईंना वरून नातवाचा फक्त माथा दिसत होता.